मडमेचा झगा

खंडेराव गेटजवळच्या मराठी मंडळाने ‘सन १८८५ ची फॅशन’ अशी महिलांची स्पर्धा ठेवली, तेव्हा मंडळाच्या अध्यक्ष वसुंधराताईंना आधी शारदाबाईच आठवल्या. शारदाबाई पडल्या जुन्या घराण्यातल्या. पणजीचा शालू त्या बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही मिरवत. ताईंचे आजेसासरे भुसावळहून इकडे उत्तरेत रेल्वेत फिटर म्हणून आलेले. त्यांच्या पेटीत नट आवळायचे पाने निघाले असते, शालू नाही.

“मग मी रेल्वेच्या साहेबाची मडम होते,” ताईंनी सुनेला, शमिकाला, सुनावलं.

ओरछा गेटच्या श्यामसुंदर टेलरने ताईंच्या मोबाइलवरचं, मागे फुगलेल्या झग्यातल्या मडमेचं चित्र दोनदा मोठं करून पाहिलं. “बहनजी, इनको पीछे चोट लगी है?”

“फैशन है, भैया. तार का पिंजरा बनाओ. और कमर एकदम कसके!”

स्पर्धेच्या दिवशी शमिकाने पाठीवरच्या नाड्या आवळल्या. ताईंची कंबर चार इंच आत गेली आणि डोळे तेवढेच बाहेर आले. मागच्या पिंजऱ्यामुळे ऑटोत बसता येईना. मागे तोंड करून, सीटवर गुडघे टेकून मडमसाहेब सभागृहात पोहोचल्या.

प्रमुख पाहुणे नारायणराव स्त्रीमुक्तीवर बोलू लागले. पिंजऱ्यामुळे बसायची सोयच नव्हती, म्हणून ताई पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या. अध्यक्षबाई उभ्या म्हटल्यावर बाकीचेही चुळबुळत उठले. शालू सावरत शारदाबाईंनाही उठावं लागलं. नारायणराव गहिवरले. एवढा मान त्यांना घरीही मिळत नसावा. वीस मिनिटांचं भाषण त्यांनी पाऊण तासावर नेलं.

“त्या काळी बाईला मोकळा श्वाससुद्धा घेता येत नव्हता!” ते गरजले. “आणि आज?”

ताईंचे ओठ निळे पडू लागले होते. “शमिका... कात्री,” त्या कशाबशा म्हणाल्या.

उद्घाटनाच्या फितीसाठी आणलेली कात्री तबकातच होती. शमिकाने ती झडप घालून उचलली आणि नाड्या सटासट कापल्या. त्यांनाच अडकवलेला पिंजरा धाडकन खाली आला. ताईंनी भस्सकन श्वास घेतला. शमिकाने घाईघाईने त्यांच्या अंगावर स्वतःची ओढणी टाकली.

मग नारायणराव ओरडले, “बेड्या तोडल्या!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिलं बक्षीस अर्थातच ताईंना.

“म्हणजे हे ठरवून केलंत?” शारदाबाईंनी डोळे बारीक केले.

“तर काय!” धापा टाकत ताई म्हणाल्या. “महिनाभर तालीम चालू होती. बसा ना, शारदाताई, दमला असाल.”