निळ्या जनावराचे शेवटचे पान

“हे पुस्तकच नव्हे,” असा निकाल देऊन मुकुंदराव बेहेरे यांनी पुढचे पान उलटले.

निकालानंतर पान उलटण्याचे काही प्रयोजन नव्हते. पण त्या पानावर एक मुलगी माशाच्या शेपटीच्या, पंख असलेल्या निळ्या जनावरावर बसून बुडालेल्या शहरावरून उडत होती, आणि खाली पाण्यात, मनोऱ्यामनोऱ्यांतून दिवे लागले होते. निवृत्त मामलेदारांचा अंगठा त्या दिव्यांपाशी जरा रेंगाळला.

“नुसती चित्रं. अक्षर कुठंय यात?”

“आहेत की हो, त्या ढगांत,” आंब्याचे व्यापारी शेट्ये मान लांब करून म्हणाले. “पण फ्रेंच का कायशी आहेत. आपल्याला काय कळणार?”

“म्हणूनच म्हणतो. पोरखेळ. वाचनालयाची काही अब्रू आहे, शेट्ये!”

गुहागरच्या एका खलाशाने कुठल्याशा परदेशी बंदरातून आणून रत्नागिरीच्या या वाचनालयाला ते भेट दिले होते. भेट स्वीकारायची की नाही, हे ठरवणे अध्यक्ष या नात्याने बेहेऱ्यांकडे आले. सातबाऱ्याखेरीज ज्यांनी आयुष्यात काही चवीने वाचले नव्हते, ते गृहस्थ अभिरुचीच्या दारावर पहारेकरी होते. आपल्याकडे हा पहारा नेहमी अशांकडेच सोपवतात. आत चोरण्यासारखे काय आहे हे ज्याला कळत नाही तो चोरी करणार नाही, अशी त्यामागे समजूत असते. ती समजूतही खरी ठरत नाही, हा भाग वेगळा.

पुस्तके देण्याघेण्याच्या टेबलाशी बसलेली प्रभावती जाधव हे सारे ऐकत होती. तिचे वडील भिकू यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, संगमेश्वराजवळच्या घरातले देव बाहेर काढले आणि रिकाम्या झालेल्या फळीवर पुस्तके मांडली. फळीला रिकामे राहण्याची सवय लागू नये, एवढाच हेतू. मुलीला मात्र कायमची सवय लागली. वाचनालयात तिच्या हातची पुस्तके सगळ्यांना चालत. पाणी तेवढे बेहेरे घरून फिरकीच्या तांब्यातून आणीत.

शेवटी असे ठरले की सभासदांनी पुस्तक आळीपाळीने घरी नेऊन त्याचे परीक्षण करावे.

इतके कसोशीचे परीक्षण या वाचनालयात कधी कुठल्या ग्रंथाच्या वाट्याला आले नव्हते. शेट्यांकडून ते शिमगा उलटल्यावर परत आले, तळलेल्या बांगड्याच्या वासासकट. “वाईटच आहे,” ते म्हणाले, “पण आणखी एकदा न्यावं लागेल. मत पक्कं करायला हवं.” बेहेऱ्यांनी दोनदा नेले, दोन्ही वेळा वर्तमानपत्रात गुंडाळून, जणू आत कोंबडी आहे.

या फेऱ्यांच्या मधे पुस्तक टेबलावर आले की प्रभावती डबा खाताना त्यातले एकच पान बघे. शेवट आधी बघून घेणाऱ्या वाचकांचा तिला तिटकारा होता. मुलीच्या हातातला कंदील, जनावराच्या पंखावरचे एकेक खवले, त्यांच्यामागे लागलेली काळी गलबते, हे सारे तिने असे घासाघासाने घेतले. शेवटून दुसऱ्या पानावर जनावराच्या छातीत भाला घुसला होता आणि दोघे समुद्रात कोसळत होते. पाण्याच्या वर होता तो फक्त कंदील. दुसऱ्या दिवशी तिने हात धुऊन शेवटचे पान बघायचे ठरवले, तर सकाळीच बेहेरे तिसऱ्या परीक्षणासाठी हजर.

पुस्तक परत आले तेव्हा शेवटचे पान नव्हते.

हा शोधही पुढच्या सभेत बेहेऱ्यांनीच जाहीर केला. “अपुरा ग्रंथ! अपुरा ग्रंथ ठेवता येत नाही. रद्दीत द्या. आणि पान गेलं कुठं? पुस्तक असतं कोणाच्या टेबलावर?”

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिले. टेबलाकडे पाहणे सोपे असते, तिथे अध्यक्ष बसत नाहीत.

“माझ्या हातून गेलेलं नाही, साहेब,” प्रभावती म्हणाली.

“रविवारी घरी ये आणि खुलासा कर. नाहीतर दुसरी बाई बघावी लागेल आम्हाला.”

रविवारी ती गेली आणि पडवीत थांबली. कुठे थांबायचे हे त्या घरात सांगावे लागत नसे. समोर ओटीवर बेहेरे झोपाळ्यावर बसले होते. तिला पाहताच त्यांनी वर्तमानपत्र उघडून चेहऱ्यासमोर धरले. नेमके त्यांच्या डोक्यावर, भिंतीला, जास्वंदीचा हार घातलेली नवीकोरी तसबीर होती.

“कोण गो, प्रभावती? बस हो तिथंच,” कमळाबाई हात पुसत बाहेर आल्या. “बघितलीस आमची देवी? समुद्रातून वर आल्ये बघ कशी वाहनावर बसून! हातात दिवा आहे. ह्यांनी मुंबैहून आणली. परदेशची छपाई.”

वर्तमानपत्र आणखी वर सरकले.

“आणि ठेवल्यान् कुठे, तर उशीखाली! मी म्हटलं, अहो, देवी काय उशीखाली ठेवतात? दुसऱ्या दिवशी काच लावून आणली. हे नको नको म्हणत होते. पण ह्यांच्या गुडघ्याची सूज उतरली की नाही तेव्हापासून?”

प्रभावती बघत राहिली. फेसातून निळे पंख वर उघडले होते. छातीतला भाला मोडून पडला होता. मुलगी ओलीचिंब होती आणि हसत होती. कंदिलाच्या काचेवर कमळाबाईंनी कुंकवाचे बोट टेकवले होते, त्यामुळे ज्योत जरा लालसर दिसत होती.

“हात नाही गो जोडत?”

“आमच्यात नाही जोडत, वहिनी.”

“मग एवढं बघत्येस काय?”

“बुडालं नाही,” प्रभावती म्हणाली.

“कोण?”

“वाहन.”

“बुडेल कसं? देवीचं वाहन ते!”

प्रभावती वर्तमानपत्राकडे वळली. “साहेब, खुलासा द्यायला आले होते. पण पान सापडलं.”

झोपाळा थांबला. मग बातम्यांच्या आडून आवाज आला, “कुठं?”

“आहे तिथं बरं आहे. काच आहे, वाळवी लागणार नाही. पुस्तकाचं काय करायचं तेवढं सांगा.”

“राहू दे,” आवाज म्हणाला. “राहू दे वाचनालयात. अपुरं असलं तरी... काही मूल्य आहे त्याला.”

कमळाबाईंनी प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा आणला आणि तिच्या तळहातावर सोडण्यासाठी हात उंच धरला. प्रभावतीने तळहात पुढे केलाच नाही. “असू दे वहिनी. मला पोचलं,” म्हणत ती पायऱ्या उतरली.

“अहो, पेपर काय वाचताय? दिवा लावल्ये मी, देवीला नमस्कार करा आधी!” मागून आवाज आला. फाटकाशी तिने वळून पाहिले. मामलेदार झोपाळ्यावरून उठले होते आणि आपण कापून आणलेल्या पानासमोर हात जोडून, डोळे मिटून उभे होते. कमळाबाई बघत होत्या, इलाज नव्हता.

पुस्तक आता वाचनालयातून सारखे बाहेरच असते. परत देताना जो तो टेबलाशी घुटमळतो.

“प्रभावतीबाई, शेवटचं पान नाही हो यात. ते जनावर बुडतं काय?”

“नाही,” ती सांगते आणि शिक्का मारते. “मी बघितलंय.”