वरच्या कडीचं कुलूप

मित्रांनो, मी कुलूप आहे. पितळेचं, जुनं, अंगावर घणाचा एक घाव असलेलं. पण कीव करायला जवळ येणार असाल तर आधीच सांगतो, लांबूनच ऐका! माझी गोष्ट रडकी नाही.

संगमनेरच्या एका कारागिराच्या हातून माझा जन्म झाला. त्यानं मला कानशीनं घासलं, आत खटका बसवला, किल्ली घालून पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं आणि म्हणाला, "झकास! आता या किल्लीशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकू नकोस." तो मी आशीर्वादच समजलो.

पुणतांब्याच्या विष्णुपंतांनी मला घेतलं ते त्यांच्या दमयंतीच्या लग्नासाठी. रुखवतात चिरोटे, साखरेचे दागिने, तांब्याची भांडी आणि मधोमध मी! बायका फिदीफिदी हसल्या.

"अहो पंत, रुखवतात कुलूप?"

"भांडी सगळेच देतात," विष्णुपंत म्हणाले. "आमचे जावई छापखान्यात खिळे जुळवतात. आज या गावी, उद्या त्या गावी. घर काही मला देता येत नाही. निदान कुलूप तरी तिचं स्वतःचं असू दे."

तेव्हापासून दमयंतीताई जिथे बिऱ्हाड करतील तिथे मी. माझं कामच असं, की माणसं बाहेर पडली की ते सुरू होतं. त्यामुळे घराची पारख मला बाहेरूनच होते. कोयंडा किती खिळखिळा आहे, मालक जाता-येता कसा बघतो, सगळं कळतं. आणि मालकाची नजर कुलपावर रेंगाळायला लागली, की समजावं, बोचकी बांधायची वेळ आली.

सोलापुरात खोली अगदी स्वस्त होती, कारण ती छापखान्याच्या मालकाचीच होती. लढाई लागली, कागद मिळेना, छापखाना बंद पडला. नोकरी गेली त्याच संध्याकाळी खोलीही गेली! मग पुणे. तिथे पगार बरा, पण मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून घाबरलेली माणसं लोंढ्यानं पुण्याला आली, आणि आमच्या जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीसाठीसुद्धा चढाओढ लागली. जास्त देणारा आला, आम्ही निघालो. नाशकात मात्र मी खूश होतो. हवा काय, खिडक्या काय! पण सिंहस्थ आला. यात्रेकरूंना खोल्या दिल्या तर वर्षाचं भाडं महिन्यात सुटतं, हे मालकाला उमगलं, आणि आमच्या नळाचं पाणी बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं पाणी नाही. बिनपाण्याचं माणूस किती दिवस टिकणार?

दमयंतीताईंचे यजमान शामकांतराव म्हणायचे, "स्वस्त मिळेल ते बरं." मी म्हणतो, मुळीच नाही! स्वस्त खोलीतून पुन्हा पुन्हा निघावं लागलं, तर ती महागात पडते. त्यांच्या सरोजिनीला विचारा. प्रत्येक गावी तिची शाळा मध्येच तुटायची. नव्या शाळेत कधी वर्ग पुढे गेलेला, कधी मागे राहिलेला. नद्यांचा धडा ती तीन गावांत शिकली आणि अपूर्णांक एकाही गावात नाही.

"आई, मला गोदावरीचा उगम झोपेतही सांगता येतो," ती म्हणायची, "पण पाव अधिक अर्धा किती ते मला कुणी सांगितलंच नाही!"

मग आलो नगरला. घर आबासाहेबांचं. ते श्रीगोंद्याकडचे ऊसवाले शेतकरी. हे घर त्यांच्या आजोबांनी घेतलेलं. आमची माडीवरची खोली पूर्वी त्यांची देवघराची खोली होती, आणि तिच्या भिंतीतच दगडी खंडोबा बसवलेला होता. तो हलवायचा नाही, असं आजोबांनी बजावलेलं. "भाडं वेळेवर द्या आन देवाला रोज दिवा लावा," एवढ्याच बोलीवर खोली मिळाली. दाराला कड्या दोन होत्या, वर एक, खाली एक. वरच्या कडीला मी.

इथे माझं मस्त चाललं होतं. कोयंडा भक्कम. खाली झुंबरबाई म्हशी पाळायच्या, दूध विकायच्या. सरोजिनी एकाच शाळेत वरच्या वर्गात गेली, पुन्हा वर गेली. अपूर्णांकांशी तिचं अखेर जमलं. येत्या वर्षी मॅट्रिक!

आणि लढाई संपली तसा एक लष्करी मालाचा ठेकेदार आबासाहेबांकडे आला. दुप्पट भाडं देतो म्हणाला. सरकारनं तर भाडी गोठवलेली, आणि वेळेवर भाडं देणाऱ्याला उगीच हाकलता येत नव्हतं. झालं! आबासाहेबांची नजर माझ्यावर रेंगाळायला लागली.

तुळशीचं लग्न झाल्यावर आमची मंडळी पुणतांब्याला एका लग्नाला गेली. दुसऱ्याच दिवशी आबासाहेब घण घेऊन जिना चढले. एक घाव घातला! मित्रांनो, खोटं कशाला बोलू, डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण मी तसूभर हललो नाही.

खालून झुंबरबाई कडाडल्या, "आबासाहेब, दिवसाढवळ्या कुनाचं कुलूप फोडताय?"

"माज्या घराचं हाय ते!"

"घर तुमचं आसंल. कुलूप न्हाई! फोडा तुमी, मी हितंच उबी ऱ्हाते साक्षीला."

आबासाहेबांनी घण खाली ठेवला. पण खालच्या कडीला स्वतःचं भलंथोरलं काळं कुलूप ठोकून गेले.

मंडळी परतली तर दाराला दोन कुलपं. शामकांतराव टांगेवाल्याला म्हणाले, "थांब रे बाबा, सामान उतरवू नकोस. बघू दुसरीकडे."

"उतरव," दमयंतीताई म्हणाल्या.

"अगं, पण राहायचं कुठे?"

"इथेच. दारापुढे. सोलापूर झालं, पुणं झालं, नाशिक झालं. आता मी हलायची नाही."

"आणि मी पुन्हा गोदावरीच्या उगमापासून सुरू करणार नाही!" सरोजिनीनं वळकटी दारापुढच्या सज्ज्यावर धाडकन टाकली.

तिथेच स्टो पेटला. झुंबरबाईंनी भाकरी आणि ठेचा आणून दिला. मार्गशीर्षाची थंडी, तरी सरोजिनी पहाटे कांबळ्यात बसून पाठांतर करायची आणि तिथूनच वेणी घालून शाळेत जायची. येणारे-जाणारे वर बघायचे. बघू देत! मला तर छाती काढून लटकावंसं वाटत होतं.

असे काही दिवस गेले आणि चंपाषष्ठी उजाडली. खंडोबाचा सण! दरवर्षीप्रमाणे आबासाहेब आईला, गोजरबाईंना, घेऊन आले. पाटीत वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, भंडाऱ्याची हळद. सज्ज्यावरचा स्टो आणि भांडी पाहून गोजरबाई थबकल्या. आबासाहेबांनी मान न वळवता आपलं काळं कुलूप काढलं, दार ओढलं.

दार हलेना. वर मी होतो!

"किल्ली द्या ताई," आबासाहेब चाचरत म्हणाले. "देवाची पूजा हाय."

"रोज करत होते," दमयंतीताई म्हणाल्या. "तुम्ही कुलूप घातलंत, तेव्हापासून देवापुढे दिवा नाही."

"क्काय?" गोजरबाईंनी पाटी खाली ठेवली. "देवाला कोंडलास व्हय रं, मुडद्या?"

"आये, देवाला न्हाई, भाडेकरूला..."

"आन त्यो आत कोन बसलाय? त्याचंबी भाडं थकलंय का?"

"फोडतोच आता हे कुलूप!"

"सनाच्या दिशी देवाच्या दारावर घण? हात तर लाव!"

दमयंतीताईंनी किल्ली मुठीत धरली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "उघडते मी. पण आधी तुमचं कुलूप माझ्या हातात. आणि आम्ही वेळेवर भाडं देतो तोवर या खोलीतून काढणार नाही, असं देवापुढे सांगा. बेलभंडारा उचलून."

खंडोबाचा बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडायची छाती कुणाची? आबासाहेब घुटमळले. "दुप्पट द्यायला तयार हाय त्यो मानूस..."

"त्याला तुज्या गोठ्यात ठिव," गोजरबाई म्हणाल्या. "उचल भंडारा!"

त्यांनी उचलला. सगळ्यांसमोर शब्द दिला आणि काळं कुलूप ताईंच्या हातात ठेवलं.

दमयंतीताईंनी किल्ली घातली, आणि फिरेना! घणानं माझा खटका वाकला होता. आबासाहेबांच्या ओठांवर हसू यायला लागलं. सरोजिनीनं पूजेच्या पाटीतलं दिव्याचं तेल माझ्या भोकात ओतलं आणि दोन्ही हातांनी किल्ली फिरवली. मीही सगळा जोर लावला. खट्! दार उघडलं, दिवा लागला, आणि "येळकोट येळकोट"चा असा गजर झाला की खालच्या म्हशी दावं तोडायला बघू लागल्या.

सरोजिनी त्याच शाळेतून मॅट्रिक झाली. ते काळं कुलूप हल्ली झुंबरबाईंच्या पेंडीच्या खोलीला असतं.

आता माझी किल्ली अडते, म्हणून शामकांतराव नव्या कुलपाचं बोलतात. खुशाल आणा! मला तेलाचे दोन थेंब मिळाले तर मी अजून पुष्कळ दारं राखीन. पण मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, परक्या शहरात खोली शोधाल. तेव्हा मालकाला भाडं विचारण्याआधी शेजारच्या बिऱ्हाडाला विचारा, "इथे किती वर्षं आहात?" ते बोटांवर मोजायला लागले तर टांगा वळवा. "मोजलीच नाहीत बाई," म्हणून हसले, तर बिनधास्त सामान उतरवा. आणि दाराला कुलूप लावाल ते स्वतःचंच लावा!