माझी मान वळते

मित्रांनो, मी एक जुना फ्लॅश आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो, चार पेन्सिल सेल खातो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत उजेड पाडून मोकळा होतो. आधीच सांगतो, मी माफी मागायला आलेलो नाही. माझ्यावर एक आरोप आहे आणि तो खोटा आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी मान वर, डावीकडे, उजवीकडे अशी वळत होती. ती वळावी म्हणूनच तिला सांधा दिला होता. पण समुद्रपूरच्या चंद्रभान फोटोग्राफरने अठरा वर्षांत ती एकदाही वळवली नाही. हळद असो, लग्न असो, शाळेचे गॅदरिंग असो, मी थेट समोरच्याच्या तोंडावर. लोक म्हणायचे, "काय लख्ख फोटो आला!" मलाही ते गोड वाटायचे. चेहरे पिठासारखे दिसायचे, हे मला कळत होते आणि तरी मी फुशारत होतो. तेवढी चूक मी कबूल करतो. त्याहून जास्त नाही.

पुढे मोबाइल आले. चंद्रभानने दुकान आवरले आणि मला बिस्किटाच्या डब्यात टाकले, तेही सेल न काढता. सेल पाझरले, त्यांना टेकणाऱ्या माझ्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला. सहा वर्षे मी तसाच पडून होतो.

मला बाहेर काढले मयुरीने. ती गिरडजवळच्या एका गावात टपाल खात्यात काम करते आणि सुटीच्या दिवशी हौसेने फोटो काढते. चंद्रभानचा जुना कॅमेरा तिने घेतला, त्यासोबत मीही गेलो. लिंबाच्या रसात कापूस बुडवून तिने माझ्या पट्ट्या घासल्या आणि मी पुन्हा पेटलो.

मयुरीची आजी तानाबाई शहात्तर वर्षांची, रंगाने काळीभोर. गावातले बुद्धविहार बांधले तेव्हा सात बायकांनी दिवसभर निंदण करून संध्याकाळी भट्टीवरून विटा वाहिल्या होत्या. त्यांतली ती एक. यंदा वैशाख पौर्णिमेला त्या सातजणींचे फोटो विहारात लागायचे होते. चौघी वारल्या होत्या. त्यांतल्या दोघींचा एकही फोटो सापडला नाही, तिथे नुसती नावे येणार होती.

विहार समितीचे प्रेमदास तानाबाईचा दुकानात फ्लॅश मारून काढलेला फोटो फ्रेम करून घेऊन आले. तिने तो दूर धरला, मग जवळ आणला.

"हे कोन होय, प्रेमदास?"

"तुमीच होय ना, मावशी."

"मी? मी काय पिठाच्या गिरणीतून निघाली काय?"

मयुरीला हसू आवरेना. प्रेमदास ओशाळले. "दुकानवाल्यानं जरासं उजळ केलं. आन् फ्लॅशनं होतेच तसं. फ्लॅश मारला का मानूस पांढरा पडते."

हाच तो आरोप. मी कपाटात होतो, शब्द न् शब्द ऐकत होतो.

"ह्या गोऱ्या बाईनं एक वीट उचलली नाई," तानाबाई म्हणाली. "विटा म्या वाह्यल्या. माह्या रंगाचा फोटो असन त लावा, नाई त नुसतं नाव लिवा."

"रविवारी सांजेले छापाले द्याचा हाय, मावशी."

"तवरी मी काढून देते, काका," मयुरी म्हणाली.

तानाबाईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झालेले, उन्हात ते उघडत नव्हते. म्हणून रविवारी दुपारी फोटो घरातच काढायचा ठरला, एकाच लहान खिडकीच्या खोलीत. सगळा भार माझ्यावर आला.

पहिला फोटो सरळ तोंडावर. पीठ. मग मयुरीने माझ्यावर रुमाल बांधला. तेही पीठच, फक्त चाळलेले. तेव्हा तिने माझी मान धरली आणि वळवली. कट्ट! इतक्या वर्षांनी मला छत दिसले. पण छत गंजलेल्या पत्र्यांचे होते, उजेड त्यातच जिरला. तिने मला भिंतीकडे वळवले. भिंत गडद निळी. मी निळ्यावर पडलो आणि निळाच होऊन परतलो.

तानाबाईने कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला पाहिले. "आता मले भिंतीचा रंग देला काय वं?"

मयुरी मटकन खाली बसली. चाळीस फोटो झाले होते आणि पाच वाजत आले होते. "नाई जमून राह्यलं, आजी. नावच लिवू दे त्यायले."

"काऊन? भिंत निळी हाय त भिंत झाक." तानाबाईने दोरीवर वाळणारे पांढरे पातळ दाखवले. पौर्णिमेला विहारात नेसायचे ते पातळ. "हे टाक तिच्यावर."

मयुरीने पातळ दुहेरी करून खिळ्यांना अडकवले आणि माझी मान तिकडे केली. सात सेकंदांनी, मी तयार झाल्याचा, माझा लाल दिवा लागला. मी पातळावर आदळलो आणि मऊ होऊन तानाबाईच्या चेहऱ्यावर उतरलो. काळा रंग काळाच राहिला, तुकतुकीत. कपाळावरचे गोंदण दिसले. आणि टाळूवरची ती जागाही दिसली, जिथले केस विटांच्या पाटीने कायमचे विरळ केले होते.

"हं," तानाबाई म्हणाली. "हे मी होय."

संध्याकाळी प्रेमदास आले. "बेस हाय. जरासा उजळ करू काय?"

"हात त लावून पाह्य!"

त्यांनी हात लावला नाही. पौर्णिमेला फोटो होता तसा विहारात लागला. त्याच्या खाली, तेच पातळ नेसून, तानाबाई ताठ बसली होती.

तर मित्रांनो, मला ठेवून देताना सेल काढत जा, नाहीतर मी आतून सडतो. आणि एखादा चेहरा पांढराफटक आला, तर फ्लॅशने केले म्हणण्याआधी एवढे तपासा, तुम्ही माझी मान वळवली होती का?