मंगळवारचं गाणं

क्रेसीची लेक लूवेनिया, लूवेनियाची आर्झुला आणि आर्झुलाची ओझेला. क्रेसीने दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला, लूवेनियाने दुसऱ्यांचे कपडे धुतले, आर्झुलाने त्या कपड्यांना इस्त्री केली. आणि ओझेला टिम्स, वय वर्षे अडुसष्ट, गेली एकतीस वर्षे पेकन ग्रोव्ह वृद्धाश्रमात दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालीत आली होती. मिसिसिपीचा हा सपाट काळा मुलूख चौघींपैकी कुणी सोडला नव्हता, आणि झालेला अपमानही चौघींपैकी कुणी विसरली नव्हती.

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास ओझेलाच्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली विलर्ड पेटिसचा गळा होता.

"हळू गं पोरी," विलर्ड म्हणाला. "या गळ्यावरून अख्ख्या शिकागोने जीव ओवाळून टाकलाय."

"बोलू नका, मिस्टर विलर्ड. कापलं तर आज पडद्यावर एक आणि खुर्चीत दुसराच दिसायचा."

तो खुशीत हसला. ब्लूज गाण्यांवरच्या टीव्ही मालिकेचा आज चौथा भाग होता, आणि तो सगळा त्याच्यावर होता. मागल्या वर्षी सिनेमावाले येऊन तीन दिवस त्याची मुलाखत घेऊन गेले होते.

"सगळ्यांना बोलावलंयस ना?"

"एकूण एक. मिस क्लोटीलला तर खाटेसकट आणतेय."

"गुणाची आहेस. आईवर गेलीस. आर्झुला मासे काय तळायची! मक्याच्या पिठातले ते मासे. अजून चव आहे तोंडात."

वस्तरा त्याच्या कंठमण्यापाशी थांबला. मग ओझेलाने तो शांतपणे पाण्यात खळबळला आणि उरलेली हनुवटी स्वच्छ केली. एकतीस वर्षांत तिच्या हातून कुणाला ओरखडा बसला नव्हता. आजही बसणार नव्हता. तिला त्याचे रक्त नको होते.

आर्झुला मासे तळायची हे खरे. पण शनिवारच्या गाण्याच्या बैठकीला लोक दहा-दहा मैलांवरून येत ते माशांसाठी नव्हे. मासे तळून झाले की ती हात पुसायची, गिटार मांडीवर घ्यायची आणि मग बाकीचे बाप्ये आपापली वाद्ये मुकाट्याने भिंतीला टेकवून ठेवायचे. तिचे एक गाणे होते. त्याला नाव नव्हते. सोमवारी धुणे आणि मंगळवारी इस्त्री असा बायकांचा आठवडा असे, आणि ते गाणे इस्त्री करता करता जुळलेले, म्हणून घरात त्याला 'मंगळवारचं' म्हणत. चर्चच्या डीकनचा, म्हणजे मंडळींच्या पुढाऱ्याचा, मुलगा विलर्ड तेव्हा तेवीस वर्षांचा होता. तो दर मंगळवारी स्वयंपाकघराच्या दारात बसून ते गाणे शिकायचा. आर्झुला त्याला आधी जेवू घालायची, मग शिकवायची.

छप्पन साली डीकनला मुलाच्या खोलीत गिटार सापडली. सैतानाचे वाद्य! मुलाने आपली कातडी वाचवली. "आर्झुलाने नादी लावलं," असे तो म्हणाला.

आमच्याकडची जुनी रीत अशी, की ज्याचे पाऊल घसरले त्याने रविवारी सगळ्या मंडळींसमोर उभे राहायचे. डीकन तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा कबूल केले, की मंडळी रांगेने येऊन हात देतात आणि झाले गेले धुऊन निघते. आर्झुला उभी राहिली. आठ वर्षांची ओझेला पहिल्या बाकावर पांढरे मोजे घालून बसली होती. आईने कबूल केले. सगळ्यांनी हात दिला. रांगेत शेवटचा विलर्ड होता. त्याने तिच्या पुढे आलेल्या हाताकडे पाहिले, टोपी डोक्यावर चढवली आणि तो बाजूच्या दाराने निघून गेला. आईचा हात कितीतरी वेळ तसाच हवेत राहिला.

पुढच्याच महिन्यात तो शिकागोला गेला आणि त्या गाण्याची तबकडी निघाली. तिच्यावर नाव होते 'साडेतीनची गाडी', आणि खाली, विलर्ड पेटिस. आर्झुलाने गिटार पलंगाखाली सारली. तिथेच तिला वाळवी लागली.

आता तो म्हातारपणी गावी परतला होता, आणि दोन वर्षे ओझेला त्याला भरवत होती. या दोन वर्षांत तिने त्याला एक शब्द विचारला नव्हता. मागच्या तीन रविवारी तीन भाग तिने दाराशी उभे राहून पाहिले. मनाशी तिने एकच गोष्ट ठरवली होती: आज या भागात त्याने आईचे नाव एकदा जरी घेतले, तरी कपाटातली पिशवी कपाटातच राहील. नाही घेतले तर ते गाणे जगाच्या दृष्टीने कायमचे गाडीचे होणार होते. मग मात्र पिशवी बाहेर येणार होती.

दिवाणखाना भरला. विलर्ड सोडून चौदा बायका, तीन पुरुष. अंत्यविधीवाल्यांकडून जाहिरातीसाठी मिळालेले पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. सूट घातलेला विलर्ड पुढच्या खुर्चीत, चालायची चौकट बाजूला. मिस क्लोटील, वय नव्याण्णव, खाटेवर उशांना टेकून. तिच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत मिस इवाडेल. तिची जीभ पाय गेल्यापासून दुप्पट चालत असे.

"विलर्ड, तुला पावडर लावलीय की पिठात घोळवलाय?" ती म्हणाली.

"बघून घे, इवाडेल. पुढच्या जन्मी सांगशील लोकांना."

मालिका सुरू झाली. एक पांढऱ्या दाढीचा विद्वान म्हणाला, या गाण्यातली खरी जादू त्याच्या रिकाम्या जागेत आहे. प्रत्येक ओळीनंतर सहा ठोके वादक काहीच वाजवत नाही. पन्नास वर्षे लोक त्या जागेचा अर्थ शोधत आहेत. मग पडद्यावर विलर्ड आला.

"गाडी स्टेशनात शिरते आणि थांबते, ती जागा," पडद्यावरचा विलर्ड म्हणाला. "रुळांपाशी बसून सुचलं मला."

"कुणाकडून शिकलात?"

"शिकवणार कोण? आमच्याकडे शनिवारी एक बाई मासे तळायची. तिच्या तव्याचा चुरचुराट तेवढा आठवतो."

ओझेला वळली. तिने कपाट उघडले.

पडद्यावर गाणे सुरू झाले, तेव्हा तिने टीव्हीच्या बाजूला इस्त्रीची फळी उभी केली. पिशवीतून आईच्या दोन लोखंडी इस्त्र्या काढल्या, चुलीवर तापवायच्या, जड, मुठीशी काळ्या पडलेल्या. एक तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, दुसरी हातात घेतली. फळीवर विलर्डचाच पांढरा सदरा पसरला.

"हे काय मध्येच?" विलर्ड म्हणाला. "सिस्टर टिम्स, धोब्याची कामं उद्या कर."

गाण्याची ओळ सुरू झाली तशी इस्त्री सदऱ्यावर आदळली, सरकली, आदळली, सरकली. ओळ संपली. गिटार थांबली. ओझेला खिडकीकडे चालली: एक, दोन, तीन पावले. कट्ट्यावरची इस्त्री उचलली, हातातली ठेवली. तीन पावले परत. दुसरी ओळ सुरू झाली तेव्हा ती फळीशी आलेली होती, आणि इस्त्री गिटारीच्या बरोबर ठोक्याला सदऱ्यावर पडली.

दुसरी ओळ. थांबा. तिकडे तीन पावले, इकडे तीन.

तिसऱ्या ओळीला मिस क्लोटीलचा उजवा हात चादरीवर आपोआप पुढेमागे सरकू लागला. थांब्याला तो उचलला गेला.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही निवलेली इस्त्री बदलायला चाललीय!"

"चूल तिकडे होती ना गं?" इवाडेलने विचारले.

"तीन पावलांवर," ओझेला म्हणाली. "अंगणाच्या दाराशी. त्या दारात एकजण बसायचा."

आता आठ-दहा हात चादरींवर, मांड्यांवर, खुर्च्यांच्या दांड्यांवर इस्त्री करीत होते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी दुसऱ्यांचे सदरे कडक करणारे हात होते ते. थांब्याला ते सगळे एकदम वर उठत होते.

"गाडी म्हणे!" इवाडेल कडाडली. "दर ओळीला थांबणारी गाडी कुठली रे, विलर्ड? आपल्या गावात दिवसातून एकदा थांबायची, तीही ड्रायव्हरला लघवी लागली तर!"

हशा फुटला. पुरुषही हसले. विलर्ड हसला नाही. ओझेलाने टीव्ही बंद केला आणि ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"विलर्ड पेटिस, ऊठ."

दोन वर्षांत तिने त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. पंखे थांबले. काय चालले आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येक म्हातारीला कळले. त्यातल्या पाचजणी त्या रविवारी चर्चमध्ये होत्या.

"हे गाणं आर्झुला टिम्सचं आहे. या मंडळींसमोर कबूल करतोस?"

"हा काय तमाशा लावलायस? मॅनेजरला सांगून तुझी नोकरी..."

"कबूल करतोस?"

"पोरी, साठ वर्षं झाली. ती बिचारी जाऊनसुद्धा..." त्याने आजूबाजूला पाहिले. मिस क्लोटीलकडे पाहिले. ती त्याच्या आईची मैत्रीण होती. "क्लोटीलमावशी, तू तरी सांग हिला."

"तिसऱ्यांदा विचार गं," मिस क्लोटील म्हणाली. "रीतीने विचार."

"कबूल करतोस?"

मग विलर्डने चौकट पुढे ओढली आणि तो उठला. ओझेलाने आधार दिला नाही. त्या दिवशी आईलाही कुणी दिला नव्हता.

"आर्झुलाचं आहे," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेले नाही, म्हणून त्याला पुन्हा म्हणावे लागले. "गाणं तिचं. थांबाही तिचा. मी जेवायचो, आणि शिकायचो. बापाला नाव मीच सांगितलं."

मग रीतीप्रमाणे त्याने एक हात चौकटीवरून काढून पुढे केला. इवाडेलने खुर्चीची चाके वळवली, त्याच्यापाशी गेली आणि हात दिला. मिस क्लोटीलची खाट दोघींनी ढकलत नेली. तिने हात दिला, वर दोनदा दाबला. एकेक करून सतराजणांनी हात दिला.

शेवटी ओझेला उरली.

तो हात तिच्यापुढे आला. डाग पडलेला, हाडकुळा, तिने रोज सकाळी साबणाने धुतलेला. नखेही तिनेच कापलेली. ती त्या हाताकडे पाहत उभी राहिली. वर विलर्डचे डोळे भरले होते, आणि तिला काय आठवते आहे ते त्यालाही आठवले आहे, हे तिला दिसले. तरी त्याने हात मागे घेतला नाही.

ओझेला खिडकीपाशी गेली. तीन पावले. इस्त्री पिशवीत ठेवली, दुसरी तिच्यावर ठेवली, फळी मिटली, सदऱ्याची घडी केली. कुणी घाई केली नाही. मग ती परत आली.

"चला, मिस्टर विलर्ड," ती म्हणाली. "तुमची साडेतीनची गोळी राहिलीय."

आणि हवेत राहिलेल्या त्या हातात तिने चौकटीची थंड मूठ दिली.