मालगुजाराच्या दारावरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पाटी आहे. तुकईथडजवळच्या एका खेड्यात, सरकारसाठी शेतसारा गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या दारावर मी टांगलेली असे. गावाचं चिन्ह माझ्यावर कोरलेलं होतं. वर सूर्य, खाली तापी, मध्ये गादीवर बसलेला मालगुजार आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून कापसाची टोपली देणारा एक माणूस. सूर्य म्हणजे मालगुजाराचं तेज, नदी म्हणजे त्याची दया आणि तो माणूस म्हणजे प्रजेची भक्ती, असा अर्थ दर दसऱ्याला सांगितला जाई. लोक हात जोडत. मला झेंडूचा हार घालत.

पण मला खरं ठाऊक होतं. तो माणूस देवराम होता. त्याने वेठीला यायला नकार दिला, म्हणून मालगुजाराने त्याला भर उन्हात अंगणात गुडघ्यांवर बसवलं आणि सुताराला सांगितलं, "ह्याचंच तोंड कोर."

त्यानंतर देवराम त्या दारावरून कधी गेला नाही. शेतात जाताना तो नाल्यातून वळसा घेई. तो लांबून दिसला की गळ्यातला हार मला टोचे.

पुढे देश स्वतंत्र झाला, मालगुजारी गेली. नव्या पंचायतीला चिन्ह हवं होतं. सरपंच लीलाधर सभेत म्हणाले, "हीच पाटी रंगवून घेऊ. लाकूड मजबूत आहे."

देवरामची सून गोदाबाई उठून उभी राहिली. "सरपंच, माझा सासरा अजून किती साल वाकलेला ठेवणार?"

म्हातारा देवराम हळूहळू माझ्यापाशी आला. त्याने कोरलेल्या तोंडावरून बोट फिरवलं.

"नाक बराबर काढलं," तो म्हणाला.

त्या क्षणी मला वाळवीने खाऊन टाकलं असतं, तर बरं झालं असतं.

"बाबा, जाळून टाकू का हिला?" लीलाधरांनी विचारलं.

"जाळू नका. उलटी करा. अन् मला उभा काढा."

रंगारी आला. देवरामचे गुडघे दुखत होते, म्हणून तो गोदाबाईच्या खांद्याला धरून उभा राहिला. रंगाऱ्याने मग माझ्या कोऱ्या बाजूवर दोघांनाही काढलं, मागे फुटलेली कपाशी.

आता मी पंचायतीच्या दारावर आहे. येणारेजाणारे कौतुक करतात. पण माझी जुनी बाजू भिंतीला टेकलेली आहे, आणि लाज काही जात नाही.

मित्रांनो, दिवाळीला मला पुसायला खाली काढाल, तेव्हा उलटी करून मागची बाजूही पुसा. तिथली धूळ वाकलेल्या देवरामच्या पाठीवर साचते.