दाजींचं जर्मल

माझ्या बहिणीच्या, आक्काच्या नवऱ्याला आमच्या घरात कुणी ‘नको’ म्हणू शकत नाही. त्यात निम्मा दोष त्यांचा आणि निम्मा आमचा. जावई म्हणजे आमच्याकडे देवाच्या बरोबरीचा, आणि रायभान दाजींना देव व्हायची आधीपासूनच हौस.

दुसरी मोठी लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या. दाजींनी त्यांच्या आणि आमच्या, दोन्ही घरच्या मेंढ्या विकायला लावून एक लॉरी घेतली. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेली धावडा गावातली आमची घरं मोटारवाली झाली. मालकी दोघांची, पण चालवायची मी, कारण मोटार शिकून आलेला मी एकटाच. गाडी बरी होती. फक्त बैलगाडीला जसा साठा, म्हणजे खालचा सांगाडा असतो, तशी लॉरीला खाली चेसी असते, ती मागच्या अंगाला तडकली होती. तेवढा भाग नवा लोखंडी बसवू, असं मी म्हणालो. यात वाद घालण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

दाजी औरंगाबादला गेले आणि भंगारवाल्याकडून पडलेल्या विमानाच्या जर्मलच्या तुळया घेऊन आले. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मल म्हणतात. त्याची पातेली होतात, आणि पातेलं दोनदा आपटलं की पोचे पडतात. हे माझ्या आईला माहीत, आक्काला माहीत, आमच्या घरात भाकरी खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत.

“गाडी हलकी झाली की माल जादा बसंल,” दाजी म्हणाले. “गंजायचं न्हाई. आन् जे आभाळात मोडत न्हाई, ते आपल्या घाटात मोडंल व्हय?”

आभाळात दगड नसतात, आणि तुमचं विमान तर पडलेलंच आहे, हे अगदी माझ्या ओठावर आलं होतं. पण आईने डोळे वटारले. पलीकडे आक्का खाली मान घालून उभी होती. मी इथे एक शब्द उलट बोललो की तिला घरी महिनाभर टोमणे खावे लागतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी शब्द गिळला. असे किती शब्द मी त्या माणसापायी गिळले असतील, पोटात गोळाच झाला असेल.

लॉरी जालन्याला बद्रीनाथ मिस्त्रीकडे नेली. गाडी तयार होईपर्यंत दाजी जांबला समर्थांच्या दर्शनाला निघून गेले. त्यांची पाठ वळताच मी मिस्त्रीला गाठलं आणि जर्मलच्या तुळयांना आतून लोखंडाच्या जाड पट्ट्या ठोकून घेतल्या. वरून सगळ्याला एकसारखा चांदीरंग दिला. दाजी परत आले, तुळईवर हात फिरवला आणि मिस्त्रीला म्हणाले, बघा, कसं झळकतंय.

वर्षभर गाडी चालली. जाताना कापूस, येताना मीठ आणि सरकी. चेसीला केसाएवढी चीर गेली नाही, आणि इथेच माझं नशीब फुटलं. पारावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात दाजींचं एकच कीर्तन, जर्मलचं. लोक माना डोलवायचे आणि माझा जीव जळायचा. वर आणखी गंमत अशी, की घाट आला की दाजी दर खेपेला म्हणायचे, “थांबव, पाय मोकळे करतो,” आणि उतरून पाऊलवाटेने पायी खाली यायचे. भरल्या गाडीत बसून त्यांनी तो घाट एकदाही पाहिला नाही.

मग धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवायला बोलवायचं, पाय धुवायचे, वाण द्यायचं. परातीत दाजींचे पाय, आणि ते धुवायला मी. आईने धोतरजोडी आणि अनारसे पुढे केले, तर दाजींनी हाताने बाजूला सारले.

“हे ऱ्हाऊ द्या. दुसरी लॉरी घेऊन राह्यलो. तिची आख्खी चेसी जर्मलची करायची, लोखंडाचा खिळा बी नको. कचरू चालवंल. घरानं हो म्हनावं, हेच माझं वाण.”

कचरू माझा धाकटा भाऊ. नुकतं लग्न झालेला, दाजींच्या शब्दावर उड्या मारणारा. आई म्हणालीच, जावईबापू म्हणतात तर होऊ द्या. मला घाटातलं तिसरं अवघड वळण दिसलं, आणि खाली दरीत कचरू दिसला. मी पाय धुणं सोडून उठलो, दाजींचा हात धरला आणि त्यांना तसंच ओल्या पायांनी लॉरीखाली नेलं. विळ्याने आतला रंग खरवडला. तांबडं लोखंड उघडं पडलं.

“हे वाहून राह्यलंय तुमचं वजन,” मी म्हणालो. “जर्मल न्हाई.”

दाजींनी लोखंडावर नख ओढून पाहिलं. मला वाटलं, आता आक्काचं काही खरं नाही. मग ते शांतपणे म्हणाले, “म्हंजे वरीसभर बिनकामाचं लोखंड वाह्यलं आपण. काढून टाक.”

माझं डोकंच फिरलं. तरी आवाज न चढवता मी म्हणालो, “बराबर. आजच काढतो. पन उद्या माल भरून घाट उतरायचाय, तवा माझ्याशेजारी तुम्ही बसा. पाय मोकळे करायचे न्हाईत.”

आक्का दारात आली होती. तिनेही ऐकलं. दाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तुळईकडे.

“ऱ्हाऊ दे लोखंड,” ते हळूच म्हणाले. “नव्या गाडीला बी घाल. रंग मातर पुन्हा दे.”

मी रंग दिला. कचरूसाठी दिला, आणि देताना प्रत्येक हाताला दाजींना मनातल्या मनात शिव्या मोजल्या. आज आमच्या दोन लॉऱ्या आहेत, दोन्हींच्या पोटात लोखंड आहे, आणि पारावर जर्मलचं कीर्तन चालूच आहे. घाट आला की दाजी अजूनही पाय मोकळे करायला उतरतात.