पेन ड्राइव्हमधलं टपाल

धाकट्याची फाईल घरच्या कॉम्प्युटरवर काही केल्या उघडेना, तेव्हा मी त्या यंत्राला तोंडाला येईल ते बोलले. तीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या बाईला न शोभणारं.

"ताई, त्याला शिव्या कळत नाहीत," भावजय म्हणाली.

"त्या ठोंब्याला काहीच कळत नाही!"

धाकटा म्हणजे माझा भाऊ, कारखान्यात पाळीचा प्रमुख. सतरा दिवसांपूर्वी, शुक्रवारी, पाळी सुरू होतानाच बॉयलर फुटला. तो गेला, त्याच्या हाताखालचे दोघेही गेले. बिघाड त्याने कळवलाच नव्हता, असं कारखाना म्हणतो. तो मात्र मंगळवारी बायकोला म्हणाला होता, "साहेबांना पत्र लिहिलंय." उद्या चौकशी होती. ते पत्र दाखवता आलं नाही, तर दोघांच्या मरणाचं खापर त्याच्या माथी फुटणार होतं. ऑफिसचा लॅपटॉप त्यांनी कधीच उचलून नेला. आमच्या हाती उरला एक पेन ड्राइव्ह. रोज निघताना तो ईमेलचं सगळं टपाल त्यात एका फाईलमध्ये उतरवून घ्यायचा.

आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. गल्ली त्याला डॉक्टर म्हणते, आणि तोही नाडी धरल्यासारखा माऊस धरतो.

"फाईल धडधाकट आहे," तो म्हणाला. "पण ऑफिसचा कॉम्प्युटर एका प्रकारचा, तुमचा दुसऱ्या. त्याची फाईल याला वाचता येत नाही. टपाल बाहेर काढून रूप बदलावं लागेल. बसा."

पहिल्या खेपेला मराठीच्या जागी नुसते चौकोन आले. डॉक्टर चौकोनांकडे बघत "हं, हं" करत राहिला. मला त्याचा भयंकर राग आला. तासाभराने अक्षरं उमटली.

पाठवलेल्या टपालात साहेबांच्या नावे त्या आठवड्यात काहीच नव्हतं. मंगळवारचं एक पत्र होतं, माझ्या नावे.

'ताई, साहेबांना द्यायचं पत्र जोडलंय. चुका काढून दे. तू पाहिलंस की लगेच पाठवतो.'

असं तो नेहमीच करायचा. रजेचा अर्ज असो की सोसायटीची तक्रार, माझ्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय त्याचं काही बाहेर पडत नसे. लहानपणी मी त्याच्या वेलांट्यांवरून त्याला चारचौघांत इतकं हसले होते की तो धसका कायमचा बसला. मला त्या धाकाचा अभिमान वाटायचा.

खाली माझं उत्तर होतं. 'पेपर तपासतेय. रविवारी बघते. तसंच पाठवू नकोस, हसं होईल.'

नेहमीसारखा रजेचा अर्ज असेल समजून जोडलेलं पत्र मी उघडलंच नव्हतं, पुढे विसरूनही गेले. आम्ही सतरा दिवस ज्याच्यासाठी डोकं आपटत होतो, ते माझ्या मेलमध्ये तसंच पडून होतं. आता वाचलं. सहा ओळी होत्या. दाबाची झडप अडकते आहे, बॉयलर चालवणं सुरक्षीत नाही, ताबडतोब बंद करावा. चूक एकच, 'सुरक्षित'ची वेलांटी.

भावजय बाकावरून उठली. "सापडलं का, ताई?"

"सापडलं."

"देवा!" तिने डोळे पुसले. "मी म्हणत होते ना, त्यांनी पाठवलंय म्हणून?"

डॉक्टरने मान खाली घातली. त्याने वाचलं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "माझ्याकडे तपासायला होतं."